दहा बोटं

हे लग्न जमलं तर सगळ्यांत मोठा फायदा रंगरावमामांचा होता, आणि लग्न त्यांचं नव्हतं.

रंगरावमामा म्हणजे माझ्या सासूबाईंचे धाकटे भाऊ. शहर फुटबॉल मंडळाच्या अध्यक्षपदाला ते दोनदा उभे राहिले आणि दोन्ही वेळेला तोफखाना तालमीनं त्यांना पाडलं. मामा नागझरी तालमीचे. नागझरीच्या माणसाला तोफखान्यानं मत द्यायचं म्हणजे उसाच्या फडानं कोयत्याला आवतण द्यायचं. पण नागझरीतली आमची, म्हणजे सरनाईकांची मुलगी तोफखान्यातल्या इंगवल्यांच्या घरी दिली, तर मामा रातोरात सोयरे होणार, आणि सोयऱ्याला पाडून माणूस घरी जेवायला कसा बसणार? हे गणित मामांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. मी कऱ्हाडच्या भुसार दुकानदाराची मुलगी. लहानपणापासून गल्ल्यामागं बसून माणसं पाहिलेली. गिऱ्हाईक पायरी चढतानाच मला कळायचं, हे घ्यायला आलंय की भाव काढायला.

मामा त्या दिवशी सकाळी पायरी चढले ते घ्यायलाच आले होते.

"सहा तिकिटं," ते म्हणाले, आणि तात्यांच्या चहाच्या बशीशेजारी त्यांनी ती पंख्यासारखी पसरून ठेवली.

तात्या म्हणजे माझे सासरे. नागझरीचे जुने गोलकीपर. उजव्या हाताची दोन बोटं खेळताना मोडली आणि वाकडीच जुळली, त्यामुळं ते बशी धरायचे ती जरा कलती असायची.

"कसली?" तात्यांनी विचारलं.

"नव्या स्टेडियमची! बायपासच्या पलीकडं झालंय ते. शनिवारी पहिला सामना, संध्याकाळी, लाइटात. आपला शहर संघ आणि गोव्याची टीम."

"लीगचा?"

"लीगचा नव्हे. दोस्तीचा. गुण नाहीत, कप नाही."

"मग खेळत्यात कशाला?"

"उद्घाटन हाय दाजी. सगळं गाव येणार." मामांनी एक घोट चहा घेतला आणि मग अगदी सहज, जसं काही आत्ताच आठवलं, तसं म्हणाले, "इंगवल्यांची तिकिटं शेजारचीच निघालीत."

तात्यांनी बशी खाली ठेवली.

आमच्या शहराबाहेरच्या माणसाला इथं थोडं सांगावं लागेल. आमच्याकडं फुटबॉल तालमींचा. प्रत्येक पेठेची एक तालीम, तालमीचा एक संघ, आणि जुन्या मैदानावर प्रत्येक तालमीची एक बाजू. नागझरी पश्चिमेच्या पायऱ्यांवर, तोफखाना समोर पूर्वेला. लिहिलेलं कुठंच नव्हतं, पण कुणी चुकत नव्हतं. माणूस कुठल्या पायरीवर बसतो यावरून त्याचा दूधवाला, त्याचा मतदारसंघ आणि त्याची सासुरवाडी सांगता यायची.

आणि नागझरी-तोफखाना फायनलमध्ये फार वर्षांपूर्वी एक साधा, सरळ अंगावर आलेला चेंडू तात्यांच्या हातातून निसटून आत गेला होता. मारणारे होते आण्णा इंगवले. त्या दिवसापासून तोफखान्याची रीत पडली. नागझरीच्या गोलात चेंडू गेला की सगळ्या तोफखान्यानं उठायचं, दोन्ही हात वर करायचे, दहाच्या दहा बोटं फाकवायची आणि ओरडायचं, "निसटलाऽऽ!" पुढं नागझरीचे किती गोलकीपर झाले आणि गेले, पण ती बोटं तात्यांचीच राहिली. दुसऱ्याच वर्षी तात्यांनी मैदानाबाहेर अशी बोटं दाखवणाऱ्या एकाचा खालचा दात पाडला होता. दात पडलेला माणूस अजून बाजारात भेटला की वाट बदलायचा.

त्या आण्णा इंगवल्यांचा मुलगा विश्वजित. बँकेत होता.

"पुण्याला द्या," तात्या म्हणाले. "पुढच्या रविवारी ते पुण्याचे येतायत न्हवं का? इंजिनेर हाय. त्याला द्या. कुठंबी द्या. तोफखान्यात न्हाई. मेल्यावर माझ्या अंगावर तालमीची निळी जर्सी पडणार, आणि खांदा द्यायला जावई तोफखान्याचा? शोभंल काय?"

आमच्या तालमीची ती चाल होती. जो एकदा नागझरीकडून खेळला, तो गेला की तालमीची माणसं निळी जर्सी आणून त्याच्यावर पांघरतात. तात्यांनी स्वतः कितीजणांवर पांघरली होती.

"दाजी, मी काय म्हणतो ते तर ऐका," मामा म्हणाले. "जुन्या मैदानावर ही दोन घरं एका जागी बसवता आली असती काय? तुम्ही पूर्वेला जाणार नाही, ते पश्चिमेला येणार नाहीत. नव्या स्टेडियमला अजून बाजूच न्हाई. खुर्चीला नंबर हाय, नंबरावर बसायचं. आणि टीम एकच! तुमचा बाज्या गोलात, त्यांची दोन पोरं पुढं. तुम्हीबी त्यांच्याच नावानं ओरडणार, तेबी तुमच्याच. भांडायचं म्हटलं तरी भांडणार कशावर?"

युक्ती चांगली होती. मामांच्या युक्त्या चांगल्याच असायच्या. त्यांत फक्त माणसं धरलेली नसायची.

तात्या बाज्याच्या नावावर अडकले होते. बाज्या त्यांनी घडवलेला. पहाटे तालमीमागच्या पटांगणात त्याला गुडघे फुटेपर्यंत पाडून पाडून शिकवलेला. स्वतःचे जुने हातमोजे त्याला दिलेले. शहर संघाच्या गोलात तो उभा राहणार आणि तात्या घरी बसणार, हे होणारं नव्हतं.

"मी येणार," ते शेवटी म्हणाले. "मॅच बघणार. बोलणार न्हाई."

"नका बोलू," मामा उठत म्हणाले. "तुम्ही न बोललेलंच बरं."

त्या रात्री जेवणं आटोपल्यावर वैजू, म्हणजे माझी नणंद वैजयंता, भांडी विसळायला माझ्याजवळ बसली. ती म्युनिसिपाल्टीच्या शाळेत पीटी शिकवायची आणि शाळा सुटल्यावर मुलींची फुटबॉल टीम चालवायची. झोपडपट्टीतल्या, भाजीवाल्यांच्या, रिक्षावाल्यांच्या पोरी. पहिल्या वर्षी दोन बूट चौघींत वाटून खेळायच्या.

"वैनी, हे जमलं पायजे," ती म्हणाली.

"विश्वजितला कुठं पाहिलंस तू?"

"बँकेत. टीमचं खातं काढायला गेलतो." आमच्या शहरातल्या पोरी 'गेलतो' आणि 'येतो' असंच बोलतात, मला लग्नानंतर दोन वर्षं हसू यायचं. "त्यानं विचारलं, मुलींची टीम? म्हटलं, होय, काय अडचण हाय? तर म्हणाला, अडचण काय न्हाई, बघायला आलो तर चालंल काय? आला पण. कडेला उभा राहून शेवटपर्यंत बघितलं."

"त्याला कळतं फुटबॉल?"

वैजू हसली. "वैनी, त्यानं मला विचारलं की हाफटाइम झाल्यावर पोरी चुकीच्या बाजूला का गेल्या."

"तोफखान्याचा असून?"

"तोफखान्याचा असून." मग ती गंभीर झाली. "लग्न झाल्यावर टीम सोडायची न्हाई, असं तो स्वतःच म्हणाला. पुण्याला गेलो तर ह्या पोरींना कोण बघणार? महिन्याभरात सगळ्या धुण्याभांड्याला लागतील. तात्यांना कोण सांगणार हे?"

मी सांगते असं काही म्हणाले नाही. तात्यांना कुणी काही सांगत नसे. आणि खरं सांगायचं तर जमेच्या बाजूला मीही होतेच. वैजू सासरी गेली की माडीवरची खोली माझ्या मुलांना मिळणार होती. ती पुण्याला गेली तरी मिळणार होती, म्हणून मला गप्प राहणं परवडत होतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही रिक्षा करून निघालो. बायपासच्या पलीकडं काल-परवापर्यंत जिथं भुईमूग होता तिथं ते स्टेडियम उभं होतं, चारी कोपऱ्यांत लाइटांचे खांब. अंधार पडायचा होता तरी ते लावलेले होते. दारात रखवालदारानं सासूबाईंच्या पिशवीत हात घातला आणि भडंगाचा डबा बाहेर काढला.

"बाहेरचं खाणं आत न्यायचं न्हाई, मावशी."

"बाहेरचं कुठलं? घरचं हाय."

"घरचंबी बाहेरचंच धरत्यात."

"मग आत विकत्यात ते काय आतच पिकतंय?" सासूबाईंनी विचारलं. त्यानं डबा ठेवून घेतला. तात्यांच्या खिशातून अडकित्ता निघाला, तोही गेला. तात्या काहीच बोलले नाहीत. बोलणार नाही म्हणून सांगितलं होतं, ते त्यांनी दारापासूनच पाळायला घेतलं होतं.

आत रंगाचा वास. काही खुर्च्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं, बसलं की खालून करकर वाजायचं. गवत तर इतकं हिरवं की सासूबाई म्हणाल्या, "ह्यावर पाय द्यायचा म्हणजे पाप लागंल." मैदानाभोवती धावायची पट्टी होती, त्यामुळं खेळणारी पोरं लांब पडत होती. जुन्या मैदानावर आमच्या पायरीवरून थ्रो टाकणाऱ्याला नाव घेऊन शिवी देता यायची. इथं शिवी अर्ध्यात पडली असती.

तात्या जिन्याच्या तोंडाशी उभे राहून इकडंतिकडं बघत होते.

"काय शोधताय?" आमच्या ह्यांनी विचारलं.

"पश्चिम कुठली?"

"तात्या, नंबरावर बसायचं."

तेवढ्यात त्यांना डावीकडच्या गोलामागं निळे रुमाल दिसले. नागझरीच्या पोरांनी नंबर बघितलेच नव्हते. सगळी तिकिटं खिशात घालून सगळी एका ठिकाणी जमली होती. तात्यांचा पाय तिकडं वळला. मामांनी दंड धरला आणि त्यांना आमच्या रांगेत आणलं.

मामांनी रांग मोठ्या अभ्यासानं लावली होती. एका टोकाला आण्णा इंगवले, मग मामा स्वतः, मग सासूबाई आणि इंगवलेकाकू, मग विश्वजित, वैजू, मी, तात्या आणि दुसऱ्या टोकाला आमचे हे. दोन म्हाताऱ्यांच्या मध्ये सगळं लग्न बसवलेलं.

नमस्कार झाले. आण्णा इंगवले जाड अंगाचे, केस अजून काळे, हसताना डोळे मिटणारे. त्यांनी तात्यांना लांबूनच हात जोडले. तात्यांनी मान हलवली, तीही इतकी थोडी की नमस्कार घेतला का डास उडवला ते कळू नये.

"मुलगी साधी हाय हो," सासूबाई काकूंना सांगत होत्या. "शाळा आणि घर. खेळाबिळातलं तिला काय कळत न्हाई."

"आमचा विशू म्हणजे," काकू म्हणाल्या, "फुटबॉलसाठी वेडा. तोफखान्याचं रक्त!"

आमच्याकडं झाकायचं होतं ते त्यांच्याकडं कमी होतं आणि त्यांच्याकडं जे नसल्याचं झाकायचं होतं ते आमच्याकडं जास्त होतं. इतका जमणारा जोडा मी तरी दुसरा पाहिला नाही.

सामना सुरू झाला. विश्वजित समोर बघत, ओठ न हलवता वैजूला विचारायचा, आणि वैजू मांडीवरच्या रुमालाकडं बघत उत्तर द्यायची.

"आता शिट्टी का वाजवली?"

"ऑफसाइड."

"म्हणजे?"

"तुमच्या तालमीचा पोरगा बोलावण्याआधीच जेवायला जाऊन बसला."

विश्वजितला हसू फुटलं. पलीकडून काकूंनी सासूबाईंना कोपरानं ढोसलं. "बोलायला लागली हो पोरं."

"काय बोलत असतील?" सासूबाई म्हणाल्या.

"पहिल्यांदा भेटल्यावर काय बोलतात? लाजतच बोलत असतील."

पहिला अर्धा असा गेला. गोल कुणाचाच नाही. तात्या ठरल्याप्रमाणं बोलत नव्हते, पण बाज्या समोरच्या, लांबच्या गोलात होता आणि त्याच्याकडं चेंडू गेला की तात्यांचे हात मांडीवरून दोन बोटं वर उठायचे आणि परत बसायचे. मामा इतके खूश होते की त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला आणि तो आणायला आमच्या ह्यांना पाठवलं.

तिथं मामांची रांग मोडली.

आण्णांच्या टोकाला एक लोखंडी कठडा होता आणि दुसऱ्या अर्ध्यात खेळ आमच्या बाजूला आला तेव्हा त्यांना डावीकडचा गोल दिसेना. जन्मभर फॉरवर्ड खेळलेला माणूस. गोल दिसत नाही म्हटल्यावर तो लग्नासाठी सुद्धा बसून राहणार नाही. ते उठले, सगळ्यांच्या गुडघ्यांना लागत लागत आले आणि आमच्या ह्यांच्या रिकाम्या खुर्चीत, तात्यांच्या शेजारी बसले.

"चालंल न्हवं, तात्यासाहेब?"

तात्यांनी खुर्चीचा नंबर बघितला. "नंबर तुमचा न्हाई," ते म्हणाले. मग म्हणाले, "बसा."

मला वाटलं, झालं. हेच लग्न.

बाज्या आता आमच्याच बाजूच्या गोलात होता, निळे रुमालवाले त्याच्या पाठीमागं. पांढऱ्या जर्सीत तो वेगळाच दिसत होता. आण्णा म्हणाले, "पोरगं उभं चांगलं राहतंय." तात्या म्हणाले, "पाय जुळवतोय. सांगितलंय त्याला, जुळवू नको." आण्णा म्हणाले, "मला तुमचे पाय कधी जुळलेले दिसले न्हाईत." मामा पलीकडून मान लांब करून ऐकत होते आणि त्यांच्या तोंडावर अध्यक्षपद आलं होतं.

मग गोव्याच्या एका बुटक्या पोरानं लांबून चेंडू मारला. जोर नव्हता. सरळ बाज्याच्या छातीवर येणारा. बाज्यानं हात पुढं केले, चेंडू हातात आला, आणि हातातून सुटून, त्याच्या पायांना घासून, हळूच रेषेच्या आत गेला.

सगळं स्टेडियम "अरेरे" म्हणालं. नागझरी, तोफखाना, सगळे. गोल आपल्या शहरावर झाला होता.

एकटा माणूस सोडून. माझ्यापासून दोन खुर्च्यांवर आण्णा इंगवले उभे राहिले होते. दोन्ही हात वर, दहाही बोटं फाकलेली.

"निसटलाऽऽ!"

त्या एवढ्या मोठ्या स्टेडियममध्ये तो एकच आवाज होता. तो छपराला लागून परत आला.

आण्णांना काय झालं ते आवाज परत आल्यावर कळलं. हात तसेच वर राहिले, खाली कसे आणायचे ते त्यांना सुचेना. काकूंनी "अहो!" म्हणून तोंडावर पदर घेतला. मामा खुर्चीतून अर्धवट उठले. गोलामागची निळी पोरं सगळी वळून आमच्या रांगेकडं बघायला लागली होती.

"तात्यासाहेब," आण्णा म्हणाले. हात अजून वरच. "देवाशपथ. सवय हो. तीस वर्षांची सवय..."

तात्या समोर बघत होते. त्यांचा कान लाल झाला होता. मी मनात दात पडलेला माणूस मोजला, शेजारी पुण्याचा इंजिनियर मांडला. वैजूकडं बघितलं. ती कुणाकडंच बघत नव्हती. खुर्चीची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती, बस सुटताना दांडी धरतात तशी. विश्वजितचा चेहरा पांढरा पडला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला फुटबॉलमधलं काहीतरी नीट समजलं होतं.

तात्या माझ्याकडं किंचित कलले.

"सूनबाई. पोरीला पायजे काय हे?"

मी म्हटलं, "होय, तात्या."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या हातात दिला. त्या माणसाच्या दाताच्या वेळीही त्यांनी आधी चष्मा काढून दिला होता, हे सगळ्या घराला माहीत होतं. मामा म्हणाले, "दाजी, दाजी, बसा!" आणि गुडघ्यांवरून उड्या मारत यायला लागले. तात्या उभे राहिले. आण्णांच्या समोर. आण्णांनी डोळे मिटले.

तात्यांनी दोन्ही हात वर केले आणि बोटं फाकवली. आठ सरळ, दोन वाकडी.

"निसटलाऽऽ!"

आण्णांपेक्षा मोठ्यानं. गोलकीपरचा आवाज, सगळं मैदान ओलांडून जायची त्याला सवय. मग आण्णांकडं वळून म्हणाले, "असं ओरडायचं, आण्णा. एवढी वर्षं करताय, अजून नीट जमंना तुम्हाला? आणि बोटं अशी. तुमची सगळी सरळ हायत, त्यात मजा न्हाई."

आण्णांनी डोळे उघडले. आधी त्यांना कळलंच नाही. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता खुर्चीत कोसळले, प्लॅस्टिक करकरलं. काकू हसल्या, सासूबाई हसल्या, मागच्या रांगेतली अनोळखी माणसं हसली. मामा मध्येच कुणाच्या तरी गुडघ्यांवर अडकून हसत होते. आण्णांनी तात्यांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, ती वाकडी बोटं दाबली आणि म्हणाले, "व्याही, चुकलं." व्याही हा शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदा तिथं निघाला. काकू म्हणाल्या, "मग आता पेढे कशाला थांबवायचे?" त्यांच्याकडं पेढे होते. रखवालदारानं ते कसे सोडले कोण जाणे, तोफखान्याचा असावा.

विश्वजितनं वैजूला हळूच विचारलं, "आता काय झालं?"

"गप बसा," वैजू म्हणाली, आणि तिनं रुमालानं डोळे पुसले.

मी तेवढ्यात गोलाकडं बघितलं.

बाज्यानं जाळ्यातून चेंडू काढला होता आणि तो वळला होता. आमच्या रांगेतला हशा ऐकून वळला असेल. तात्यांचे हात तेव्हा अजून पूर्ण खाली आले नव्हते. तो बघत राहिला. त्याच्या मागं निळे रुमालवाले उभेच होते, त्यांच्यातला एकही बसला नव्हता. जुन्या मैदानावर संध्याकाळच्या अंधुकात समोरच्या पायरीवर कोण काय करतंय ते नीट कळायचं नाही. भांडणं ऐकीव असायची, ती मिटायचीही. ह्या नव्या लाइटात हाताची बोटं मोजता येत होती.

शहर संघ एका गोलानं हरला. गुण नव्हते, कप नव्हता.

बाहेर पडताना अडकित्ता आणि भडंगाचा डबा परत मिळाला. डबा हलका झाला होता. मी तात्यांना चष्मा दिला. त्यांनी तो पुसला, घातला, आणि बाकीचे पुढं गेल्यावर विचारलं,

"बाज्यानं बघितलं?"

"लाइट डोळ्यांवर होता त्याच्या," मी म्हटलं. "नसेल दिसलं."

"लाइट त्याच्या पाठीमागं होता," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर कडीला प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली. आत जुने हातमोजे, धुतलेले, एकात एक घातलेले. मी ते लपवावं म्हणून वळले तर तात्या पाठीमागं उभे होते. त्यांनी पिशवी घेतली, आत बघितलं आणि ती खुंटीला लावून रोजच्यासारखे तालमीत गेले. तालमीच्या दाराशी एक दगड होता. सकाळी तिथं बसून पोरांचा सराव बघायचा, ही त्यांची जागा. रोज दहा वाजता घरी परतायचे. त्या दिवशी माझा चहा उकळायच्या आत परत आले.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय न्हाई. कोण कायच बोललं न्हाई."

त्यांनी चहा घेतला. बशी कलती धरून.

"बाज्याला सांगू या की," मी म्हटलं. "मी सांगते जाऊन. का केलं ते."

"काय सांगणार? घरच्या लग्नासाठी म्हाताऱ्यानं तालमीचं हसं केलं म्हणून? ते त्यांना आत्ताच कळलंय. तसंच हाय ते." मग बशी खाली ठेवून म्हणाले, "वैजूला यातलं काय कळता कामा न्हाई. गुडघा दुखतोय म्हणून जात न्हाई, एवढं सांगायचं."

मी तेवढंच सांगितलं. वैजू अजून कधीकधी म्हणते, तात्यांच्या गुडघ्याचं वेळेवर बघितलं असतं तर बरं झालं असतं.

लग्नाला नागझरी जेवून गेली; जेवणाशी कुणाचं वैर नसतं. मामा त्या वर्षी अध्यक्ष झाले, तोफखान्याच्या मतांनी, आणि पुढं दोनदा बिनविरोध. वैजूची टीम राज्याला जाऊन आली. विश्वजितला ऑफसाइड अजून कळलेला नाही, पण टीमचं सगळं सामान तोच डिकीत घालून नेतो. आण्णा तात्यांना शनिवारी स्कूटरवरून नव्या स्टेडियमला न्यायचे, नंबरावर शेजारी बसवायचे, आणि नागझरीचा सामना असला की तात्यांचा गुडघा दुखायचा.

तात्या गेले ते पहाटे. आम्ही नऊ वाजेपर्यंत थांबलो. गल्लीत माणूस मावत नव्हता. बाज्या गल्लीच्या तोंडाशी, विजेच्या खांबाला टेकून उभा होता, दोन्ही हात खिशात. तालमीचं कुणी त्याच्या पुढं आलं नाही.

आण्णांनी येऊन मला बाजूला बोलावलं. रडून त्यांचे डोळे सुजले होते.

"सूनबाई, तालमीची माणसं जर्सी घेऊन अजून कशी आली न्हाईत? माणूस पाठवू काय?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं शेजारी बसून ठाऊक नव्हतं.

"नको," मी म्हटलं. "ऊन व्हायला लागलंय. निघू या."

खांदा द्यायला पुढं विश्वजित आणि आमचे हे, मागं आण्णा आणि रंगरावमामा. वैजूच्या टीमच्या पोरी दोन्ही बाजूंनी रांगेत उभ्या होत्या. माडीवरच्या खोलीच्या खिडकीतून माझी मुलं बघत होती. त्या संध्याकाळी ज्याला ज्याला काही मिळालं होतं, ते सगळे हजर होते. दिलं होतं एकट्यानंच, आणि तो साध्या पांढऱ्या कापडात निघाला.